जमीन का हलते? भूपट्ट, भूकंप आणि किल्लारीचा प्रश्न

कुठेही भूकंपाचा धक्का बसला की दोन गोष्टी लगेच सुरू होतात. मोबाइलवर ‘आज रात्री पुन्हा मोठा धक्का बसणार’ असे मेसेज फिरू लागतात. आणि गावात कुणीतरी सांगतो की पाप वाढले, देवीचा कोप झाला, शेषनागाने फणा हलवला. भीती वाटणे साहजिक आहे. पण भीतीपोटी चुकीचे कारण धरून बसलो, तर उपायही चुकीचाच होतो. नवस होतो, शांती होते, आणि पडलेली भिंत पुन्हा तशीच उभी राहते.

वस्तीतल्या अभ्यासिकेत भूगोल शिकवताना मुलांचा एक प्रश्न नेहमी येतो. पुस्तकात लिहिले आहे की भूकंप भूपट्टांच्या काठावर होतात. किल्लारी तर कुठल्याही काठावर नाही. मग तिथे एवढा मोठा भूकंप कसा झाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर आधी भूपट्ट म्हणजे काय, ते का सरकतात आणि सरकताना धक्का नेमका कसा बसतो, हे पाहावे लागेल.

पृथ्वीच्या पोटात काय आहे?

पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. सर्वात बाहेरचा थर म्हणजे भूकवच. समुद्राच्या तळाशी ते ५ ते १० किलोमीटर जाड असते, जमिनीखाली साधारण ३० ते ४० किलोमीटर, तर हिमालय आणि तिबेटखाली सुमारे ७० किलोमीटर. त्याखाली प्रावरण आणि मध्यभागी गाभा आहे.

भूकवच आणि त्याला लागून असलेला प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचे शिलावरण तयार होते. हे शिलावरण अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे झालेले आहेत. या तुकड्यांनाच भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. पॅसिफिक, उत्तर अमेरिकन, दक्षिण अमेरिकन, युरेशियन, आफ्रिकन, अंटार्क्टिक आणि इंडो-ऑस्ट्रेलियन हे सात मोठे पट्ट मानले जातात. त्यांच्याशिवाय नाझका, कॅरिबियन, अरबी, फिलिपिन्स असे लहान पट्टही आहेत. इंडो-ऑस्ट्रेलियन पट्टाचे भारतीय आणि ऑस्ट्रेलियन असे दोन भाग अनेक अभ्यासक वेगवेगळे धरतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. भूपट्ट तापलेल्या लाव्हारसावर होडीसारखे तरंगतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. शिलावरणाखालचा थर घनच आहे. पण तो इतका तापलेला आहे की प्रचंड दाबाखाली, लाखो वर्षांच्या काळात, तो अतिशय संथपणे वाहतो. त्या नरम थरावरून वरचे कठीण पट्ट सरकतात. पृथ्वीच्या आतली उष्णता बाहेर पडण्याची धडपड या हालचालीमागे आहे. त्याचबरोबर जुना, थंड आणि जड झालेला सागरी पट्ट दुसऱ्या पट्टाखाली बुडतो, तेव्हा तो आपल्यामागचा सगळा भाग खाली ओढतो. ही ओढ पट्ट सरकण्याचे एक प्रमुख कारण मानली जाते.

पट्टांचा वेग वर्षाला काही सेंटिमीटर इतकाच असतो. आपली नखे ज्या वेगाने वाढतात, जवळपास तोच. एका माणसाच्या आयुष्यात तो जाणवत नाही. पण लाखो-कोटी वर्षांत याच वेगाने समुद्र मिटतात आणि पर्वत उभे राहतात.

ही गोष्ट कळली कशी?

जर्मन हवामानशास्त्रज्ञ अल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असा विचार मांडला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे एकमेकांत बसतात, एवढाच त्यांचा आधार नव्हता. आज महासागरांनी दूर केलेल्या खंडांवर एकाच प्रकारच्या प्राण्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष सापडत होते. ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीचे जीवाश्म भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका या सगळीकडे मिळतात. आपल्या विदर्भातल्या गोंडवाना काळातील खडकांतही ते आहेत. हे सगळे खंड कधीकाळी एकत्र होते. त्या जुन्या महाखंडाला जगभर ‘गोंडवाना’ म्हणतात, आणि हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले आहे.

वेगेनर यांचे म्हणणे त्या काळच्या बहुतेक भूशास्त्रज्ञांनी मानले नाही. खंड सरकवणारी शक्ती कोणती, याचे पटेल असे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या मोहिमेवर असताना त्यांचा मृत्यू झाला.

पुढचा पुरावा समुद्राच्या तळातून आला. १९५० च्या दशकात अमेरिकन संशोधक मेरी थार्प जहाजांनी आणलेल्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढत होत्या. स्त्री असल्यामुळे सुरुवातीची अनेक वर्षे त्यांना स्वतःला संशोधन जहाजावर जाता आले नव्हते. समुद्राखालच्या पर्वतरांगेच्या मधोमध एक लांबच लांब दरी आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या सहकाऱ्याने आधी ते बायकी बडबड म्हणून उडवून लावले. नंतर समुद्रातील भूकंपांची ठिकाणे नकाशावर मांडली, तर ती त्याच दरीच्या रेषेवर पडली. तिथे समुद्राचा तळ फाटत होता आणि नवा तयार होत होता. १९६० च्या दशकात हॅरी हेस, फ्रेड व्हाइन, ड्रमंड मॅथ्यूज अशा अनेकांच्या कामातून भूपट्टांचा सिद्धान्त पक्का झाला. आज जीपीएसच्या मदतीने पट्टांची हालचाल मिलिमीटरमध्ये मोजली जाते.

पट्ट एकमेकांना भेटतात तिथे काय होते?

जगातील भूकंपांची ठिकाणे नकाशावर टाकली तर ती सगळीकडे विखुरलेली दिसत नाहीत. बहुतेक ठिपके ठरावीक रेषांवर येतात. या रेषा म्हणजेच पट्टांच्या सीमा. त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात पट्ट एकमेकांपासून दूर जातात. मधल्या फटीतून खालचा तप्त पदार्थ वर येतो आणि नवे भूकवच तयार होते. अटलांटिकच्या मधोमध हेच चालू आहे, आणि आइसलँडमध्ये ते जमिनीवर पाहता येते. इथले भूकंप सहसा मध्यम आकाराचे असतात.

दुसऱ्या प्रकारात पट्ट एकमेकांवर आदळतात. एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो, तिथे जगातले सर्वात मोठे भूकंप होतात. १९६० चा चिलीचा ९.५ तीव्रतेचा भूकंप हा आजवर मोजलेल्या भूकंपांमधला सर्वात मोठा. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ अशाच सीमेवर सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा भाग सरकला. समुद्राचा तळ उचलला गेला, त्यावरचे पाणी ढकलले गेले आणि त्सुनामीने तमिळनाडू, अंदमान-निकोबार, श्रीलंका, इंडोनेशिया यांचे किनारे उद्ध्वस्त केले. पॅसिफिक महासागराभोवतीच्या ‘अग्निकंकणात’ जगातील मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के भूकंप होतात.

तिसऱ्या प्रकारात पट्ट एकमेकांना घासत, विरुद्ध दिशांनी आडवे सरकतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास विभंग याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. विभंग म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असतात.

धक्का नेमका कसा बसतो?

पट्ट सतत सरकत असतील, तर जमीन सतत का हलत नाही? कारण विभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक घर्षणामुळे एकमेकांत अडकून बसतात. पट्टाचा बाकीचा भाग पुढे जातच राहतो, पण अडकलेली जागा हलत नाही. त्यामुळे तिथला खडक हळूहळू वाकतो, ताणला जातो. वेताची काठी दोन्ही हातांनी वाकवत नेली तर ती काही वेळ वाकते आणि मग एकदम कडाडून मोडते, तसेच इथे होते. ताण घर्षणाच्या ताकदीपेक्षा जास्त झाला की अडकलेला भाग सुटतो. शेकडो वर्षे साठलेली हालचाल काही सेकंदांत पूर्ण होते. साठलेली ऊर्जा लहरींच्या रूपात बाहेर पडते. यालाच आपण भूकंप म्हणतो.

१९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा भूकंप झाला. त्यानंतर हॅरी फिल्डिंग रीड यांनी तिथल्या मोजण्या तपासल्या. विभंगावरून सरळ गेलेली कुंपणे आणि रस्ते तुटून काही मीटर बाजूला सरकले होते. त्यावरून त्यांनी खडक ताण साठवतो आणि अचानक सोडतो, हे स्पष्टीकरण मांडले. आजही भूकंपाच्या अभ्यासाचा तोच पाया आहे.

जमिनीच्या आत जिथे सरकायला सुरुवात होते ती भूकंपनाभी. तिच्या बरोबर वर, जमिनीवरचे ठिकाण म्हणजे अपिकेंद्र. नाभी उथळ असेल तर वर जास्त नुकसान होते. मोठ्या धक्क्यानंतर आजूबाजूचे खडक नव्या स्थितीत बसताना अनेक दिवस, कधी महिनोन्‌महिने लहान धक्के देत राहतात. म्हणूनच तडे गेलेल्या घरात लगेच परत जाऊ नये.

लहरी आणि आकडे

भूकंपानंतर पहिल्यांदा पोहोचतात त्या प्राथमिक लहरी. भूकवचात त्यांचा वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर असतो. त्यामागून साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने दुय्यम लहरी येतात. त्या जमीन आडवी किंवा वरखाली हलवतात आणि जास्त नुकसान करतात. सर्वात शेवटी भूपृष्ठावरून जाणाऱ्या लहरी येतात. आधी घरघर किंवा हलका धक्का आणि मग मोठा हादरा, असा अनुभव लोक सांगतात, तो यामुळेच.

तीव्रतेचा आकडा समजून घेणेही गरजेचे आहे. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मापन सुरू केले. आता मोठ्या भूकंपांसाठी त्याची सुधारित पद्धत वापरतात. या मापनात एक अंक वाढला की लहरींची उंची दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंक वाढले की ऊर्जा हजार पट. म्हणजे ६ आणि ८ तीव्रतेचे भूकंप यांत ‘थोडासा’ फरक नसतो.

भारतीय पट्ट आणि हिमालय

गोंडवानापासून सुटलेला भारतीय पट्ट उत्तरेकडे निघाला. एके काळी त्याचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षाही जास्त होता. मधे टेथिस नावाचा समुद्र होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय पट्ट युरेशियन पट्टावर आदळला, समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ वळ्या पडून उंच उचलला गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडक आहे आणि त्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत. नेपाळमधल्या काली गंडकी नदीत मिळणारे शाळिग्राम हे ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म आहेत. हिमालयाच्या जागी समुद्र होता, याचा पुरावा अनेकांच्या देवघरात ठेवलेला असतो.

ही टक्कर अजून संपलेली नाही. भारतीय पट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो. त्यातले जवळपास २ सेंटिमीटर हिमालयातच अडून राहतात. वर्षाला २ सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षांत २ मीटर. एवढी हालचाल खडकात साठते आणि कधीतरी सुटते.

२५ एप्रिल २०१५ रोजी, शनिवारी, दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना नेपाळमध्ये गोरखा जिल्ह्यात ती सुटली. तीव्रता ७.८. विभंग गोरखापासून पूर्वेकडे काठमांडूच्या खालून फाटत गेला. काठमांडूचा परिसर सुमारे एक मीटर वर उचलला गेला. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. सुमारे ९,००० माणसे गेली. धरहरा मनोरा कोसळला, स्वयंभू परिसराची पडझड झाली, बौद्धनाथ स्तूपाचा वरचा भाग तडकला. बौद्धनाथचा भाग पुन्हा बांधून नोव्हेंबर २०१६ मध्ये स्तूप खुला झाला. नेपाळमध्ये शनिवार हा सुट्टीचा दिवस असतो. त्या दिवशी शाळा भरल्या असत्या तर मृतांमध्ये मुलांची संख्या किती असती, याची कल्पनाही करवत नाही.

हिमालयातला सगळा ताण या भूकंपाने संपलेला नाही. पश्चिम नेपाळच्या भागात १५०५ नंतर फार मोठा भूकंप झालेला नाही. तिथे पट्ट अडकलेलाच आहे.

मग किल्लारीचे काय?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. दमूनभागून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. तीव्रता ६.२ च्या आसपास, नाभी अगदी उथळ. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण ते आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत.

किल्लारी हिमालयाच्या सीमेपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही भूकंप झाला, कारण ढकलला जातो तो पूर्ण पट्ट. एक टेबल भिंतीवर जोराने रेटले तर दाब फक्त भिंतीला लागलेल्या कडेवर राहत नाही, सगळ्या टेबलातून जातो. टेबलात कुठे जुनी चीर असेल तर तिथे ते कुरकुरते. भारतीय पट्टाचे तसेच आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाखाली त्याहून कितीतरी जुने खडक आहेत आणि त्यांत जुने विभंग आहेत. वरून सपाट, शांत दिसणाऱ्या शेतजमिनीखाली असा एक कमकुवत भाग होता. तिथे ताण अतिशय हळू साठत गेला आणि सुटला. अशा भूकंपाला पट्टांतर्गत भूकंप म्हणतात. ते क्वचित होतात. पण क्वचित होतात म्हणूनच लोक आणि शासन दोघेही बेसावध असतात. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते. तेव्हाच्या भूकंप नकाशात मात्र हा भाग सर्वात कमी धोक्याच्या विभाग एकमध्ये होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला, विभाग एकच रद्द झाला आणि लातूरचा समावेश विभाग तीनमध्ये झाला.

कोयनेची गोष्ट थोडी वेगळी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० जणांचा बळी गेला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठवायला सुरुवात झाल्यावर तिथे धक्के वाढले होते. धरणाने भूकंप ‘निर्माण’ केला असे म्हणणे बरोबर नाही. विभंग आणि ताण आधीपासून होते. पाण्याचे वजन आणि भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांनी अडकलेला विभंग सुटायला मदत केली, असे शास्त्रज्ञ मानतात. याच अभ्यासासाठी कराडला संशोधन केंद्र उभारले गेले आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतले गेले.

पाप, कोप आणि कारण

१५ जानेवारी १९३४ रोजी नेपाळ आणि बिहारमध्ये ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. दहा हजारांवर माणसे गेली. तेव्हा गांधीजींनी जाहीरपणे सांगितले की हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचा ईश्वरी दंड आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला विरोध केला. नैसर्गिक घटनेला नैतिक शिक्षा ठरवणे म्हणजे अविवेकाला बळ देणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यावर आपणही विचार करायला हवा. ज्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, तेही त्या ढिगाऱ्याखाली मेले. मग शिक्षा कुणाला झाली? अस्पृश्यता अन्याय आहे म्हणून ती संपवायची असते. त्यासाठी भूकंपाची साक्ष लागत नाही.

आपल्या बाजूनेही प्रामाणिक राहू. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणे येतात. पहिले कारण निसर्गाचे आहे: पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर, वायू आकाशात, वायू खवळला की पाणी हलते आणि पृथ्वी हलते. बाकीची कारणे मुख्यतः बोधिसत्त्वाचा जन्म, संबोधी, महापरिनिर्वाण अशा प्रसंगांशी जोडलेली आहेत. निसर्गाच्या घटनेमागे निसर्गातले कारण शोधण्याची दिशा त्या पहिल्या कारणात दिसते, एवढे म्हणता येईल. पण ‘आमच्या ग्रंथात भूपट्टांचे विज्ञान आधीच होते’ असा दावा आपण करू नये. इतरांनी असे दावे केले की आपण हसतो. तोच नियम आपल्यालाही लागू आहे.

कुणाचे घर पडते?

आता दोन भूकंप शेजारी ठेवून पाहू. नेपाळच्या भूकंपात किल्लारीपेक्षा सुमारे २५० पट जास्त ऊर्जा बाहेर पडली. मृतांचा आकडा मात्र जवळपास सारखाच. किल्लारीत वेळ पहाटेची होती, नाभी उथळ होती, हे खरे. पण मुख्य कारण घरांचे होते. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधलेलीच नव्हती. धक्क्याने ती फुटली आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आले. याउलट कुडाच्या, हलक्या छपराच्या झोपड्या अनेक ठिकाणी टिकल्या. म्हणजे भूकंपात ‘मोठे’ घर सुरक्षित असतेच असे नाही. भिंत बांधलेली आहे का आणि डोक्यावर वजन किती, हे महत्त्वाचे.

२०१० मध्ये दीड महिन्याच्या अंतराने दोन भूकंप झाले. हैतीत ७.० तीव्रतेचा, चिलीत ८.८ तीव्रतेचा. चिलीत सुमारे पाचशे पट जास्त ऊर्जा बाहेर पडली, पण मृत्यू झाले पाचशेच्या आसपास. हैतीत मात्र बहुतेक अंदाज लाखाच्या घरात किंवा त्याहून वर जातात. चिलीने १९६० च्या अनुभवानंतर बांधकामाचे नियम कडक केले आणि ते पाळले. हैतीत दारिद्र्य होते आणि नियमांची अंमलबजावणी नव्हती. पट्ट दोन्हीकडे सरकले. फरक समाजाने केला.

भूकंपानंतरही समाजाची उतरंड तशीच राहते. किल्लारीच्या पुनर्वसनात नव्या घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जुन्या जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्याहून जास्त जमीन असणाऱ्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. भूमिहीनांमध्ये कोण जास्त असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर आणि २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर मदतवाटपात दलितांशी भेदभाव झाल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या आहेत. जमीन कुणाची जात पाहून हलत नाही. मदतीची रांग मात्र जात पाहून लागते.

आपण काय करू शकतो?

भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारी कोणतीही पद्धत आज जगात नाही. कुठे धोका जास्त आहे, हे सांगता येते. कधी, हे नाही. त्यामुळे तारीख-वेळेसह आलेला कोणताही मेसेज खोटा समजावा आणि पुढे पाठवू नये.

खरे काम घरापासून सुरू होते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळते. ते बांधताना गवंड्याकडे काही गोष्टींचा आग्रह धरावा. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा असावा. तो फक्त दारापुरता टाकून थांबू नये. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालावेत. भिंतीचे कोपरे एकमेकांत गुंफलेले असावेत. कॉलममधल्या रिंगची टोके काटकोनात न ठेवता आत १३५ अंशांत वळवावीत, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. या गोष्टींचा खर्च पूर्ण घराच्या मानाने थोडा असतो.

शहरात तळमजल्यावर फक्त खांब आणि पार्किंग असलेल्या इमारती जास्त धोक्याच्या असतात. २००१ मध्ये अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा इमारती कोसळल्या होत्या.

धक्का बसत असताना मजबूत टेबलाखाली बसून डोके-मान झाकावी आणि टेबलाचा पाय धरून ठेवावा. लिफ्ट वापरू नये. धक्का थांबल्यावर गॅस आणि वीज बंद करून मोकळ्या जागेत यावे. मातीच्या जड छपराच्या घरात दार जवळ असेल तर लगेच बाहेर पडणे योग्य.

गावात विहार, शाळा, अंगणवाडी बांधली जाते तेव्हा आपण कमानीचा आणि रंगाचा विचार करतो. आराखडा भूकंपरोधक आहे का, हा प्रश्नही विचारू. संकटात लोक तिथेच आसऱ्याला येणार असतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. आपल्या तालुक्याचा आराखडा मागवा, त्यात आपली वस्ती आहे का ते पाहा, आणि नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा.

अभ्यासिकेतल्या मुलांना किल्लारीचे उत्तर दिल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: ‘मग आपलं घर पडेल का?’ त्याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात नाही. त्यासाठी मुलांना घेऊन वस्तीतून एक फेरी मारावी लागते, भिंती पाहाव्या लागतात, कोपऱ्यांतले तडे मोजावे लागतात आणि त्याची यादी ग्रामपंचायतीत द्यावी लागते. पुढच्या रविवारी आपापल्या वस्तीत एवढे तरी करू या.